डिंकाचे लाडू, पॉवर बँक आणि १५ किलो

इंदुरातल्या मराठी घरात परगावी निघालेल्याची बॅग तो एकटा कधीच भरत नाही. त्याचे कपडे तळाशी जातात आणि वरची जागा सगळ्या घराची होते. आई लाडवांचा डबा ठेवते, काका छप्पन दुकानावरून सेव आणतात, शेजारच्या वहिनी ‘तिकडे आमचा मुलगा आहेच, एवढं पाकीट तेवढं न्या’ म्हणत दारात उभ्या राहतात. रामबाग असो की सुदामानगर, निरोप देण्याची इथली रीत खाऊ देण्याचीच आहे. मग बिजासनकडच्या रस्त्याने विमानतळ गाठला, की काउंटरवरच्या काट्यावर त्या मायेचं वजन होतं आणि ते १५ किलोंच्या पुढे निघतं.

‘काय न्यावं’ याच्या याद्या हव्या तितक्या मिळतात. पण बॅग भरताना खरा निर्णय असतो तो ‘कुठे ठेवावं’ याचा. विमानप्रवासात सामानाला तीनच जागा असतात: अंगावर, हातातल्या बॅगेत आणि विमानाच्या पोटात. प्रत्येक वस्तू उचलताना दोन प्रश्न विचारावेत. ही दोन दिवस माझ्या हाती लागली नाही तर काय अडेल? आणि कधीच परत मिळाली नाही तर? पहिल्याचं उत्तर ‘बरंच अडेल’ असेल तर ती हातात. दुसऱ्याच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा येत असेल तर अंगावर. उरलेलं खुशाल विमानाच्या पोटात जाऊ द्यावं. रोजची औषधं, चष्मा, चार्जर, एक जोड कपडे आणि घराच्या किल्ल्या हातात. पासपोर्ट, पैसे, मोबाइल आणि एका दिवसाच्या गोळ्या अंगावरच्या छोट्या पाउचमध्ये. दागिने चेक-इनच्या बॅगेत कधीच नाहीत, मग ती बॅग कितीही महागाची असो. रोकड, दागिने आणि कागदपत्रांची जबाबदारी विमान कंपन्या आपल्या अटींमध्ये आधीच नाकारून मोकळ्या झालेल्या असतात.

वजनाचा हिशेब रिकाम्या बॅगेपासून सुरू होतो, आणि चूकही तिथेच होते. २४ इंची कडक कवचाची बॅग साधारण ३ ते ३.५ किलो भरते, २८ इंची ४ ते ५ किलो. देशांतर्गत इकॉनॉमीच्या १५ किलोंमधला पाचवा ते तिसरा हिस्सा असा रिकाम्या खोक्यावर जातो. पुणे-मुंबईच्या फेरीला कापडी डफल बॅग पुरते, तिचं वजन किलो-सव्वा किलो. हुकाचा डिजिटल काटा घरात असावा. नसेल तर बॅग घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग बॅगेशिवाय उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. घरचा काटा आणि काउंटरचा काटा यांचं जमेलच असं नाही, म्हणून एक किलो हातचा ठेवावा. हातातल्या बॅगेला सहसा ७ किलोंची मर्यादा, आकाराची मर्यादा मात्र कंपनीप्रमाणे बदलते. शिवाय परदेशच्या प्रवासात एकूण वजनाची परवानगी कितीही असली, तरी एका बॅगेचं वजन ३२ किलोंच्या वर चालत नाही. ती बॅग उचलणाऱ्या माणसाच्या कंबरेसाठी घातलेली ही मर्यादा आहे आणि तिथे हुज्जत चालत नाही.

इंदूरहून परदेशी जाणाऱ्यांचा सर्वांत महागडा घोटाळा मात्र तिकिटात असतो. मुंबई-न्यूयॉर्क तिकीट एकीकडून आणि इंदूर-मुंबई तिकीट ‘स्वस्त मिळालं’ म्हणून दुसरीकडून काढलं जातं. अमेरिकेच्या तिकिटावर २३ किलोंच्या दोन बॅगांची मुभा असते, मुंबईच्या तिकिटावर १५ किलोंची. ४६ किलो घेऊन आलेल्या माणसाला इंदुरातच ३१ किलोंचा जादा आकार भरावा लागतो आणि वाचवलेले पैसे तिथेच संपतात. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर सहसा देशांतर्गत टप्प्यालाही परदेशाचीच मर्यादा लागू होते आणि बॅगा थेट शेवटच्या मुक्कामी जातात. दोन वेगळ्या तिकिटांवर मुंबईत बॅगा उतरवून घ्यायच्या, सांताक्रूझच्या टी-१ वर उतरला असाल तर सहारच्या टी-२ ला जायचं आणि पुन्हा रांगेत लागायचं. परतीला तर तिकीट एक असो वा दोन, मुंबई किंवा दिल्लीला उतरलं की बॅगा घेऊन कस्टम्समधून बाहेर यायचं आणि इंदूरसाठी पुन्हा द्यायच्या. हे ठाऊक नसलेली मंडळी थेट इंदूरच्या विमानात जाऊन बसतात आणि बॅगा मुंबईच्या पट्ट्यावर गोल फिरत राहतात.

आता खाण्याकडे वळू, कारण इंदुरी बॅगेत निम्मा माल तोच असतो.

विमान ३५,००० फुटांवर असताना आतली हवा जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ ठेवलेली असते. सामानाच्या कप्प्यातही दाब तोच. म्हणजे जमिनीवर झाकण लावून बंद केलेल्या डब्यातली हवा वर गेल्यावर साधारण एक तृतीयांशाने फुगायला बघते. लोणच्याची बरणी नेमकी इथेच घात करते. अर्धी भरलेली बरणी सुरक्षित वाटते, पण तिच्यात हवा जास्त, म्हणून फुगताना ती बाहेर ढकलते ते तेलही जास्त. बरणी जवळजवळ काठोकाठ भरावी, तोंडावर प्लॅस्टिकचा जाड कागद ठेवून झाकण घट्ट फिरवावं, झाकणाच्या कडेने चिकटपट्टीचे दोन वेढे घ्यावेत आणि मग एकात एक अशा दोन झिपच्या पिशव्यांत बसवावी. दोन्ही पिशव्यांतली हवा दाबून काढायची, नाहीतर फुगणारी गोष्ट तुम्ही स्वतःच पुरवलीत. ताजं, अजून मुरणारं लोणचं नेऊच नये. त्यात वायू धरतो आणि त्याच्यापुढे चिकटपट्टी टिकत नाही. काचेच्या बरणीपेक्षा जाड प्लॅस्टिकची बरी.

सेवेच्या पाकिटांचंही हेच. दुकानातून येणारी फुगीर पाकिटं वर गेल्यावर आणखी ताणतात, शिवण उसवते आणि शर्टाच्या खिशात रतलामी सेव सापडते. दुकानदाराला सांगितलं की तो हवा काढून पाकीट देतो. मग ती पाकिटं डब्यात आणि डबा बॅगेच्या मधोमध, चारी बाजूंनी कपडे. कडेला ठेवलेल्या सेवेचा मुक्कामी चुरा निघतो. माव्याची मिठाई उन्हाळ्यात नेण्याचा हट्ट करू नये. दारापासून दारापर्यंतचा प्रवास बारा तासांच्या वर गेला की ती खाण्यात राम नाही.

पोह्यांवरचं जीरावण, लाल तिखट, मिरचीचं लोणचं यांची जागा चेक-इनमध्येच. तिखट केबिनमध्ये चालत नाही, कारण मूठभर पूड डोळ्यांत फेकली की ते हत्यार होतं. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेत कोणतीही पूड ३५० मिलीलिटरच्या वर असली की वेगळी तपासणी होते, तेव्हा मेतकूट आणि भाजणीही खालीच पाठवावी. तूप म्हणजे तपासणी अधिकाऱ्याच्या दृष्टीने द्रव. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत प्रत्येक द्रव १०० मिलीलिटरच्या बाटलीत आणि सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. बाटली २०० मिलीलिटरची आणि आत तूप ५० मिलीलिटर, हा युक्तिवाद चालत नाही. बाटलीवरचा आकडा बघतात.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत आणि त्याचं कारण ऐकलं की बहुतेकांना गंमत वाटते. त्या धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत, यूएन १३६३ या क्रमांकाने, ‘आपोआप तापणारे पदार्थ’ या वर्गात. सुक्या खोबऱ्यातलं तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतं. बंद जागेत ढीग असला की ती साठत जाते आणि माल पेटू शकतो. लाडवात किसून घातलेलं खोबरं हा प्रश्न नाही, ओटीत आलेल्या वाट्यांची पिशवी हा प्रश्न आहे. अख्खा नारळही केबिनमध्ये एरवी चालत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये शबरीमलाच्या यात्रेकरूंना २० जानेवारी २०२५ पर्यंत नारळ सोबत नेण्याची वेगळी परवानगी द्यावी लागली, यावरूनच नियम काय ते कळतं. पुण्या-मुंबईहून महाकालाला आणि ओंकारेश्वराला आलेले पाहुणे इंदूरहूनच परतीचं विमान धरतात, त्यांना यजमानांनी हे आधीच सांगावं: नारळ इथेच फोडा, प्रसाद खडीसाखरेचा न्या. कापूर आणि काडेपेटी दोन्ही ज्वालाग्राही, त्यांना विमानात कुठेच जागा नाही. नर्मदेचं पाणी घट्ट बाटलीत, चेक-इनमध्ये. नर्मदेतले गोटे हातातल्या बॅगेत घालून तपासणीला वाद घालण्यापेक्षा तेही खालीच. फक्त ते वजनात धरा.

खसखशीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. मंदसौर-नीमच हा परवानगीने अफू पिकवणारा पट्टा इंदूरपासून काही तासांवर, त्यामुळे माळव्यात खसखस उत्तम मिळते आणि आपल्या फराळात ती सढळ हाताने पडते. अनारशांवर थापलेली, करंजीच्या सारणात, डिंकाच्या लाडवात, गोड्या मसाल्यात. आपल्याकडे तो निव्वळ वाणसामानातला पदार्थ. संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया आणि सिंगापूरमध्ये मात्र खसखशीवर बंदी आहे आणि तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली बघितली जाते. अनारसे घेऊन दुबईला लेकीकडे निघालेल्या आजींना यातलं काही ठाऊक नसतं, आणि ‘ठाऊक नव्हतं’ हे तिथे उत्तर धरलं जात नाही. अमेरिकेला दुबई किंवा अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांनीही गाफील राहू नये. विमान बदलायला थांबलेल्या प्रवाशालाही तिथला कायदा लागू असतो. उपाय सोपा: आखातात जाणारा फराळ खसखशीशिवाय करायचा. बाळंतिणीसाठी निघालेल्या लाडवांत डिंक, खारीक, सुंठ, अळीव असतील तर खसखशीवाचून लाडू अडत नाहीत.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिकेत काळजी वेगळी, तिथल्या शेतीची. ताजी फळं, ताजा कढीपत्ता, बिया, पेरायचं धान्य, दुधाचे पदार्थ यांवर तिथे करडी नजर असते. विमानात किंवा विमानतळावर जो जाहीरनामा भरायचा, त्यात खाद्यपदार्थांसमोर ‘हो’ लिहावं. हो लिहिल्याने फार तर एखादी वस्तू काढून घेतात. नाही लिहिलं आणि सापडलं तर न्यूझीलंडमध्ये तिथल्या तिथे ४०० न्यूझीलंड डॉलरांचा दंड. आपल्या लोकांना ‘हो’ लिहायला का जड जातं हे कळत नाही. बहुधा विचारलं म्हणजे पकडलं असं वाटतं.

स्वयंपाकघरातलं एक राहिलं: अडकित्ता, विळी, कात्री, खलबत्ता. पर्सच्या तळाशी वर्षानुवर्षं पडलेला अडकित्ता तपासणीच्या यंत्रात लगेच दिसतो आणि तो पणजीचा होता म्हणून परत मिळत नाही. ही सगळी मंडळी चेक-इनमध्ये. पात्याला पुठ्ठा गुंडाळून वर जाड कापड बांधावं, म्हणजे बॅग तपासायला उघडणाऱ्याचा हात कापत नाही.

बॅटऱ्यांच्या बाबतीत नियम नेमका उलटा फिरतो. पॉवर बँक, सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्याच बॅगेत हव्यात, चेक-इनमध्ये अजिबात नाही. लिथियम-आयन बॅटरीत आतल्या आत शॉर्ट झाला की एक सेल तापतो, तो शेजारच्याला तापवतो आणि ही साखळी थांबता थांबत नाही. सामानाच्या कप्प्यात आग विझवणारा हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या आतली उष्णता थांबवत नाही, आणि तिथे कुणी पोचूही शकत नाही. केबिनमध्ये धूर दिसला तर कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. क्षमतेचा हिशेब असा: मिलीअँपिअर-अवर गुणिले ३.७ व्होल्ट भागिले १,०००. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-अवर, २७,००० ची जेमतेम १०० च्या आत. १०० पर्यंत मुभा, १०० ते १६० ला कंपनीची मंजुरी आणि जास्तीत जास्त दोन, १६० च्या पुढे नाहीच. गुणाकाराला ५ व्होल्ट धरू नयेत. तो बाहेर पडणाऱ्या यूएसबीचा आकडा, सेलचा ३.७ च असतो. स्वस्तातल्या पॉवर बँकवरचे आकडे वर्षभरात पुसतात आणि आकडा वाचता आला नाही तर ती अडवली जाऊ शकते. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर एअर बुसानचं उभं विमान पेटलं. आग डोक्यावरच्या कप्प्यातून सुरू झाली आणि संशय पॉवर बँकवर होता. त्यानंतर अनेक कंपन्यांनी नियम कडक केले. तेव्हा ती वरच्या कप्प्यात न टाकता समोर, नजरेखाली ठेवावी आणि विमानात तिच्यावर काही चार्ज करू नये. मोबाइल आसनाच्या फटीत पडला तर आसन मागेपुढे हलवायचं नाही. यंत्रणेत सापडून फोन चिरडतो आणि बॅटरी पेटते. कर्मचाऱ्यांना बोलवावं.

कुलूप लावलं म्हणजे बॅग बंद झाली, हा समज कापडी चेनच्या बॅगेने मोडीत काढला आहे. प्लॅस्टिकच्या दातांची चेन बॉलपेनचं टोक खुपसून मधूनच उघडता येते आणि नंतर कुलुपासकट दोन्ही ओढण्या एकदा फिरवल्या की पुन्हा जुळते. मागमूसही राहत नाही. म्हणून ओढण्या नुसत्या एकमेकींना न अडकवता बॅगेच्या पक्क्या कडीला किंवा हँडलला बांधाव्यात, म्हणजे त्या फिरत नाहीत आणि चेन उसकटली तर तशीच राहून दिसते. पाच रुपयांचा प्लॅस्टिक टाय या कामाला पुरतो. अमेरिकेला जाताना टीएसए, म्हणजे तिथल्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेला चालणारं कुलूप घ्यावं. तिथले अधिकारी ते स्वतःजवळच्या किल्लीने उघडतात, दुसरं असेल तर तोडतात. बॅगेभोवती पट्टा जरूर बांधावा, पण त्याची लोंबती टोकं कापून किंवा खोचून, कारण पट्ट्यांच्या यंत्रात ती अडकतात आणि बॅग मागे राहते. जुन्या प्रवासाचे टॅग आणि बारकोडचे छोटे चिकट तुकडे काढून टाकावेत; यंत्राने जुना बारकोड वाचला तर बॅगेची वाट चुकते. बाहेरच्या पट्टीवर नाव, मोबाइल आणि ईमेल पुरे. घरचा पत्ता बाहेर लिहिणं म्हणजे घर रिकामं असल्याची जाहिरात. पत्ता आणि प्रवासाचा तपशील आतल्या कागदावर, सगळ्यात वर ठेवावा.

काउंटरवर टॅग लागला की तो वाचायचा: तीन अक्षरांचा संकेत आपल्याच गावाचा आहे ना आणि पावतीवरचे दहा आकडे टॅगशी जुळतात ना. मग बॅगेचा टॅगसकट फोटो, आणि पावतीवरच्या वजनाचा दुसरा. अर्ध्या मिनिटाचं काम. ते का करायचं, तर २०२३ मध्ये ब्राझीलहून जर्मनीला निघालेल्या दोन महिलांच्या बॅगांचे टॅग साओ पाउलोच्या विमानतळावर काढून अमली पदार्थ भरलेल्या दुसऱ्याच बॅगांना लावले गेले. फ्रँकफर्टला त्यांना अटक झाली आणि निर्दोष असूनही ३८ दिवस तुरुंगात काढावे लागले. विमानतळावरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण मिळालं म्हणून त्या सुटल्या. आपला फोटो आपल्याच फोनमध्ये असला तर त्या चित्रणाची वाट बघत बसावं लागत नाही.

त्याच कारणाने शेजारच्या वहिनींचं पाकीटही जपूनच घ्यावं. नाही म्हणणं इंदुरात शक्य नाही हे मान्य. मग निदान पाकीट उघडं मागावं, त्यांच्यासमोरच एकेक वस्तू बघावी आणि आपल्या हाताने भरावी. ‘सर्दी-खोकल्याची औषधं आहेत फक्त’ हे वाक्य आखातासाठी सर्वांत धोक्याचं. कोडीन असलेली खोकल्याची औषधं, ट्रामाडॉल, डायझेपाम यांवर अमिरातीत नियंत्रण आहे आणि दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी तुमच्या बॅगेला कामाची नाही. स्वतःची औषधंही मूळ पाकिटांत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, गोळ्यांचे नाव असलेली इंग्रजी प्रत सोबत. इन्शुलिन चेक-इनमध्ये नको. गोठलं तर वाया जातं. आणि विमानतळावर अनोळखी माणसाने ‘माझं वजन जास्त होतंय, एक पिशवी घ्याल का’ विचारलं तर तिथे मात्र इंदुरी भिडेखातर काहीही घेऊ नये.

दागिने नेणं अटळच असेल, लग्नाकार्याला निघाला असाल, तर ते हातातल्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात, बंद डबीत. सुरक्षा तपासणीत सुटे दागिने ट्रेमध्ये काढून ठेवू नयेत. हातातली बॅग यंत्रात आत सरकल्याशिवाय आपण पुढे जायचं नाही, हा साधा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि मागच्याने घाई केली की कुणी पाळत नाही. महिलांची तपासणी पडद्याआड होते. तेवढा वेळ ट्रे बाहेर पट्ट्यावर बेवारस पडलेला असतो. कुटुंब असेल तर एकाने सर्वांत आधी पलीकडे जाऊन सामानापाशी उभं राहावं आणि एकाने सगळे ट्रे आत जाईपर्यंत अलीकडे थांबावं. पेसमेकर असलेल्यांनी आधीच सांगून हाताने तपासणी मागावी, कार्ड जवळ ठेवावं. परदेशी घालून जाणार असलेले जड दागिने परत आणताना शुल्काचा वाद होऊ नये म्हणून निघतानाच कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येतं; बिलं किंवा मूल्यांकन सोबत असावं आणि त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा.

तिकिटावरचं नाव हा मराठी घरांतला खास घोळ. लग्नानंतर नाव-आडनाव बदललेलं, आधारवर सासरचं, पासपोर्टवर माहेरचं, तिकीट काढणाऱ्या भाच्याने घरातलं लाडकं नाव टाकलेलं. परदेशासाठी पासपोर्टवरची अक्षरं जशीच्या तशी, मधलं नाव असेल तर तेही. देशांतर्गत प्रवासाला जे ओळखपत्र दाखवणार त्याच्याशी जुळणारं. डिजीयात्राची, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडण्याची सोय इंदूरला सप्टेंबर २०२४ पासून आहे, पण फोन बंद पडला तर चेहऱ्यावर भरवसा ठेवू नका, ओळखपत्र खिशात असू द्या. बोर्डिंग पासचा फोटो समूहांवर टाकणं बंद करावं: पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर कुणीही तुमचं तिकीट उघडू शकतं.

नातवंडासाठी पहिल्यांदाच निघालेल्या आई-बाबांना व्हीलचेअर मागून घ्यावी, दोन दिवस आधी नोंदवून. पाय धड असले तरी मोठ्या विमानतळावरचं अंतर आणि परक्या उच्चारांतले प्रश्न यांना तिचा आधार होतो. हातातली बॅग मात्र मांडीवर, मागच्या हँडलला लटकवलेली नको. चार तासांहून लांब प्रवासात पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुपटीच्या आसपास जातो. निरोगी माणसात तो मुळात कमीच, सहा हजारांत एक, पण वय, वजन, नुकतंच झालेलं ऑपरेशन यांनी वाढतो. चालायच्या वाटेकडची जागा, दर तासाला घोटे फिरवणं, दोन तासांनी चार पावलं, पाणी. त्यासाठी बाथरूमला जावं लागतं म्हणून पाणी न पिणाऱ्या मावश्यांना कुणीतरी दटावावं.

आसनपट्टा दिवा विझल्यावरही सैलसर बांधलेला असावा. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारवर अचानक हेलकावलं, पट्टा न बांधलेले प्रवासी छतावर आदळले आणि एकाचा मृत्यू झाला. गाडीच्या पट्ट्याला दाबायचं बटण असतं, विमानाच्या पट्ट्याची पट्टी उचलायची असते. घाबरलेला माणूस बटण शोधत बसतो, म्हणून बसल्यावर दोनदा उघडून बघावं. जवळच्या दारापर्यंत आसनांच्या किती रांगा आहेत त्या मोजाव्यात, धुरात दिसत नाही तेव्हा हाताला लागतात. प्राणवायूचा मुखवटा आधी स्वतःला: त्या उंचीवर शुद्ध अर्ध्या ते एका मिनिटात हरपते. जीवरक्षक जाकीट विमानाच्या आत फुगवायचं नाही. १९९६ मध्ये कोमोरोसच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलेल्या इथिओपियन विमानात ज्यांनी आत फुगवलं, ते पाणी शिरल्यावर छताला टेकले आणि दारापर्यंत पोचू शकले नाहीत.

आणि सामान सोडून द्यायचं. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा धावपट्टीवर जपान एअरलाइन्सचं विमान पेटलं. ३७९ माणसं होती, सगळी बाहेर आली आणि बॅगा आत जळाल्या. अंगावरच्या पाउचचा उपयोग अशा वेळी कळतो. पासपोर्ट, फोन आणि एका दिवसाच्या गोळ्या कमरेला असतील, तर वरचा कप्पा उघडायचं कारणच उरत नाही.

मुक्कामी पट्ट्यावर बॅग उचलली की टॅगचे शेवटचे आकडे पावतीशी ताडून बघावेत. निळ्या-राखाडी बॅगा सगळ्यांच्याच असतात आणि लाल रिबीनही आता सगळेच बांधतात. बॅग आली नाही, फाटली किंवा हलकी लागली तर दालनाच्या बाहेर पाऊल टाकण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर पीआयआर म्हणजे तक्रारीचा अहवाल लिहून घ्यायचा आणि त्याचा क्रमांक घ्यायचा. एकदा बाहेर गेलात की बॅग आत फाटली हे सिद्ध करणं तुमच्यावर येतं. आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत, उशिरा मिळालेल्या बॅगेची ती हाती आल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. माँट्रियल करारानुसार मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून दर प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे २,००० डॉलरांच्या आसपास. देशांतर्गत ती २०,००० रुपये आहे. ही कमाल मर्यादा असते, ठरलेली रक्कम नाही. मिळतं ते तुम्ही दाखवलेल्या नुकसानीइतकं. म्हणून बॅग उघडी असताना घरीच काढलेला आतल्या सामानाचा फोटो, बॅगेचं बिल आणि तोवर घ्याव्या लागलेल्या कपड्यांच्या, दाढीच्या सामानाच्या पावत्या हे सगळं अर्जाला जोडायचं. बोर्डिंग पास आणि टॅगची पावती पैसे खात्यात जमा होईपर्यंत टाकायची नाही.